तिसरा ढीग

मराठी ज्यांची मातृभाषा नाही अशा मोठ्या माणसांना मी मराठी शिकवते. पहिले काही आठवडे सुखाचे जातात. मग भूतकाळ येतो आणि त्याचं बोट धरून ‘ने’ येतो. तो धावला, पण त्याने पुस्तक वाचलं. ती हसली, पण तिने पत्र लिहिलं. हिंदीतून आलेले ‘मीने वाचलं’ म्हणतात, कन्नड-तमिळवाले ‘तो पुस्तक वाचला’ म्हणतात, आणि दोघांनाही समोरच्याची चूक लगेच दिसते.

कितीतरी वर्षं मी हा धडा एकाच पद्धतीने घेतला. फळ्याच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे कर्तरी, उजवीकडे कर्मणी, सकर्मक-अकर्मकाच्या व्याख्या, मग बारा उदाहरणं. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे फळा देखणा दिसायचा. लोक त्याचा फोटो काढून न्यायचे आणि पुढच्या तासाला येऊन ‘तो पुस्तक वाचला’ म्हणायचे.

या वेळी फळा कोरा ठेवला. आदल्या रात्री बसून तीस वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहिली, एका चिठ्ठीवर एक, सगळी बिनचूक. दहा जणांसमोर टेबलावर ओतली आणि म्हटलं, “ढीग करा. किती करायचे, कशावरून करायचे, तुमचं तुम्ही ठरवा.” खडू डबीत टाकला आणि खुर्चीत बसले.

पहिली पाच मिनिटं वाईट गेली. कुणी वाक्यांच्या लांबीवरून ढीग केले, कुणी नुसत्या ‘ती’च्या चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. एकाने स्पष्टच विचारलं, “मॅडम, तुम्हीच सांगून टाका ना. फी त्यासाठीच भरलीय.” उत्तर अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं.

मग ‘ने’वाल्या आणि बिन-‘ने’वाल्या असे दोन ढीग झाले. अडलं ते ‘मी’पाशी. ‘मी लेख वाचला’, ‘मी कादंबरी वाचली’, ‘मी पुस्तक वाचलं’. यात ‘ने’ तर दिसत नाही, मग या कुठे ठेवायच्या? एक बाई तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “इथे क्रियापद माझं ऐकतच नाही. पुस्तकाचं ऐकतं.” चिठ्ठ्या उचलून ‘ने’च्या ढिगात टाकल्या. ‘कर्माच्या लिंग-वचनानुसार क्रियापदाचं रूप बदलतं’ हे मी शंभरदा सांगितलं असेल. ‘माझं ऐकत नाही’ हे मला कधी सुचलं नव्हतं.

खरी गंमत पुढे आहे. वर्गात एक अबोल गृहस्थ आहेत. त्यांनी न बोलता बिन-‘ने’वाल्या ढिगातून चार चिठ्ठ्या उपसल्या आणि बाजूला मांडल्या. ‘तो पाणी प्यायला.’ ‘ती कविता शिकली.’ ‘तो माझं नाव विसरला.’ ‘ती साडी नेसली.’ कर्म आहे, पण ‘ने’ नाही, आणि क्रियापद निमूट कर्त्याचं ऐकतंय. तिसरा ढीग. या चिठ्ठ्या मी मुद्दाम घातल्या नव्हत्या, सुचतील तशी वाक्यं लिहिली होती. एरवी ही क्रियापदं मी ‘अपवाद’ या नावाखाली शेवटच्या दोन मिनिटांत उरकत असे.

आता सगळेच पेटले. “जे आत जातं किंवा अंगावर येतं, तिथे ‘ने’ नको,” एकीने नियम मांडला. पाणी आत जातं, कविता डोक्यात जाते, साडी अंगावर येते. दोन मिनिटं मलाही पटला! मग कुणीतरी ढिगातून ‘त्याने गाणं ऐकलं’ काढून आपटलं. गाणं आत जात नाही का? पाठोपाठ ‘तिने सदरा घातला’. आणि विसरताना तर आतलं बाहेर जातं. नियम कोसळला, पण तो पाडताना त्या दहा जणांनी ही वाक्यं किती वेळा उच्चारली असतील! माझ्या बारा उदाहरणांच्या नशिबी ते कधी आलं नाही. (तास संपता संपता एकाने विचारलं, “पण बाहेर लोक ‘मी पाणी पिलं’ म्हणतात, ते काय?” म्हणतात खरे. त्याचा चौथा ढीग मी होऊ दिला नाही.)

‘विद्यार्थिकेंद्रित’ म्हटलं की हल्ली खुर्च्या गोल मांडतात, गट पाडतात, तक्ते रंगवतात. मला त्याचा जरा कंटाळाच आहे. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा जो प्रयोग केला, त्यात व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रकं अशी कोडी सोडवायला दिली होती. ‘कृती-आधारित शिक्षण’ म्हणून आज जगभर जे चालतं, त्याच्या मुळांपैकी हे एक. पण त्या वर्गांत गटकार्य जाणूनबुजून टाळलेलं होतं. आधी शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर एक कोडं सोडवायचा, मग तसंच दुसरं ज्याने त्याने एकट्याने. कच्ची भाषा बोलणारी मुलं आपसांत बोलून एकमेकांची कच्ची भाषाच पक्की करतील, अशी प्रभूंना धास्ती होती. हे वाचल्यापासून खुर्च्या सरळ रांगेत असल्या तरी मला अपराधी वाटत नाही. विचार कोण करतंय, एवढंच मी बघते.

चुका दुरुस्त करायची माझी सवय मात्र अजून मोडली नाही. समोरचा ‘तो पुस्तक वाचला’ म्हणतो, मी मान डोलावत म्हणते, “हो का, त्याने पुस्तक वाचलं?” आणि तो “हो हो, वाचला” म्हणून पुढे जातो. लायस्टर आणि रांता या दोन संशोधकांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत हेच मोजलं होतं. 1997 सालच्या त्यांच्या निबंधात शिक्षकांनी केलेल्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त अशा गुळमुळीत होत्या, आणि विद्यार्थी त्यांचीच सगळ्यात कमी दखल घेत होते. म्हणून आता मी नुसतं “तो पुस्तक...?” एवढं म्हणून थांबते आणि मनात पाचपर्यंत मोजते. पाच म्हणजे फार वेळ असतो, करून बघा. तीनलाच घसा खाकरावासा वाटतो.

आणि हो, फीचं बोलणारे गृहस्थ. ते रुग्णालयात परिचारक आहेत. तासानंतर थांबून म्हणाले, “ढीग चांगले होते मॅडम, पण मला उद्या सकाळी ‘कुठे दुखतंय’ आणि ‘कुशीवर वळा’ हवंय. कोण काय विसरला ते नंतर बघू.” यावर काय बोलणार! विद्यार्थ्याला केंद्रस्थानी ठेवायच्या उत्साहात मी त्याला काय हवंय हेच विचारलं नव्हतं. आता दर तासाची शेवटची वीस मिनिटं त्यांच्या कामाच्या वाक्यांना दिली आहेत. रुग्ण आळीपाळीने सगळे होतात, कण्हण्यात चढाओढ लागते.

तिसऱ्या ढिगासाठी एक जुना डबा ठेवला आहे. ज्याला असं क्रियापद सापडेल त्याने चिठ्ठी लिहून त्यात टाकायची. ‘तो काहीतरी म्हणाला’ आलं, ‘ती पैज हरली’ आलं. काल त्या अबोल गृहस्थांनी ‘जिंकणे’ आणलं. चिठ्ठीच्या एका बाजूला ‘तो सामना जिंकला’, दुसऱ्या बाजूला ‘त्याने सामना जिंकला’, आणि खाली बारीक अक्षरात, ‘दोन्ही ऐकलं’. ती चिठ्ठी डब्यात टाकायची की बाहेर ठेवायची यावर अर्धा तास वाद झाला. सध्या ती झाकणावर आहे.