पहिल्या पानावरची मळी

'आजच्या विज्ञानयुगात मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले असले तरी...' हे वाक्य मी सातवीपासून लिहीत आले. पावसाळा असो, वाचनाचं महत्त्व असो, नाहीतर 'माझी आई' असो, चंद्रावर एक फेरी मारून आल्याशिवाय माझा निबंध सुरूच व्हायचा नाही. मार्कही मिळायचे. त्यामुळे यात काही बिघडलंय असं वाटायचं कारण नव्हतं.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि 250 मार्कांचा निबंधाचा पेपर पुढ्यात येऊन बसला. तोवर आमची तयारी म्हणजे गोल काळे करणं. चारातला एक पर्याय निवडायचा, पुढं जायचं. तुझं मत काय, हे त्या गोलांनी मला कधी विचारलं नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासिकेत युपीएससीची तयारी करणारी दोन-तीन पोरं होती, ती निवांत होती. त्यांच्याकडं हा पेपर आधीपासूनच आहे: तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी 125 मार्क, प्रत्येकी 1000 ते 1200 शब्द. 'प्रस्तावना भारी पाहिजे,' एवढं ते सांगायचे. भारी म्हणजे काय, ते कुणी सांगायचं नाही.

एक क्लास लावला. तिथं 'कुठल्याही विषयाला चालणाऱ्या वीस प्रस्तावना' अशी झेरॉक्स मिळाली. मी इमानदारीत पाठ केली. नंबर चार संस्कृत सुभाषितानं सुरू होणारी, नंबर नऊ 'प्राचीन काळापासून' वाली, नंबर सतरामध्ये एक काल्पनिक शेतकरी, जो पर्यावरणापासून स्त्रीशिक्षणापर्यंत सगळीकडं चालायचा. पहिल्या सराव परीक्षेचा विषय होता 'पूर: नैसर्गिक की मानवनिर्मित?' मी नंबर नऊ टाकली. पेपर परत आला, 125 पैकी 41. शेरा: 'चांगला प्रयत्न. मुद्दे वाढवा.'

मुद्दे चौदा होते! अजून किती वाढवू?

मामाचं घर जयंती नाल्याच्या अंगाला. त्याच्या शेजारी एक निवृत्त मराठीच्या बाई राहतात. रविवारी मी तो पेपर घेऊन त्यांच्याकडं गेले. बाईंनी चष्मा लावला, शिसपेन्सिल घेतली आणि वाचता वाचता समासात वरून खाली एक रेघ ओढत आल्या. दहा ओळी झाल्या. अकरावीपाशी पेन्सिल थांबली.

"इथून मी वाचायला लागले," त्या म्हणाल्या.

अकरावी ओळ अशी होती: 'पंचगंगा 39 फुटांवर गेली की माझा मामा गॅसचा सिलेंडर खिडकीच्या गजाला कासऱ्यानं बांधतो.' 39 फूट ही राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी, 43 धोक्याची, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. (जुनी माणसं फूट मोजत बसत नाहीत, शिवाजी पुलाकडं तोंड करून 'मच्छिंद्री झाली का?' एवढंच विचारतात, म्हणजे पाणी पुलावरच्या जुन्या खुणेला लागलं का.) 2019 च्या ऑगस्टमध्ये मामाचा सिलेंडर तरंगत स्वयंपाकघरातून सोप्यात आला होता. तेव्हापासून नोटिशीची, भोंग्याची वाट न बघता तो कासरा काढतो. हे मी उदाहरण म्हणून मध्येच कुठंतरी कोंबलं होतं.

"वरच्या दहा ओळी काढल्या तर निबंधाचं काय अडतंय?" बाईंनी विचारलं.

काही अडत नव्हतं. आणि त्याच दहा ओळी मी प्रदूषणाच्या निबंधाला चिकटवल्या असत्या तरी तिथंही काही अडलं नसतं. ही कसोटी मी अजून वापरते. जी प्रस्तावना दुसऱ्या विषयाला बसते ती या विषयाची नसते. ती झेरॉक्स तर त्याच गुणासाठी खपत होती.

मला वाटलं, झालं, आता सिलेंडर वर न्यायचा की प्रस्तावना तयार. बाईंनी पेपर उलटा घातला. "आता न बघता सांग. तुझं म्हणणं काय आहे?"

"पूर ही गंभीर समस्या असून त्यावर उपाययोजना करणं काळाची गरज आहे."

"संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. हे वाक्य मोठ्यानं म्हण. 'नाही' म्हणणारा एक तरी माणूस भेटला तर मला आणून दाखव."

कट्ट्यावर जायची गरज नव्हती. म्हशीची धार निघेपर्यंत सगळे माना डोलावतील आणि ग्लास रिकामा करून घरी जातील, हे मला बसल्या जागी कळलं. इंग्रजी माध्यमाची मुलं ज्याला थिसिस स्टेटमेंट म्हणतात, त्याचं मराठी मी तोवर 'विषयाची ओळख' असं समजत होते. बाईंचा शब्द 'भूमिका'. पूर हा विषय झाला. पूर गंभीर आहे, हा शेरा झाला. भूमिका म्हणजे जिच्यावर कट्ट्यावरचा एखादा शहाणा माणूस ग्लास खाली ठेवून म्हणेल, 'थांबा, मला नाही पटत.'

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. 'कोल्हापूरचा पूर हा पूर्णपणे मानवनिर्मित आहे.' बाई हसल्या. "आणि पाऊस तुझ्या मामानं पाडला?" धडाकेबाज वाक्य एका प्रश्नात आडवं झालं. वाद होईल इतकं टोकदार हवं, पण पहिल्याच धक्क्याला पडेल इतकं पोकळ नको, यातली मधली जागा शोधायला मला तीन आठवडे लागले. खोटं कशाला सांगू, त्यातला एक आठवडा मी बाईंवर रुसून गेलेच नव्हते.

मधली जागा सापडली ती मराठीच्याच एका जुन्या जोडीत: जरी, तरी. आणि त्याला कारण. 'जरी' मध्ये समोरच्याचं खरं असेल ते मान्य करायचं, 'तरी' मध्ये आपलं म्हणणं, 'कारण' मध्ये ते कशावर उभं आहे ते. मी कच्च्या वहीत लिहिलं: 'जरी 2019 चा पाऊस नेहमीसारखा नव्हता, तरी नुकसान किती व्हावं हे नदीकाठच्या बांधकामांनी ठरवलं, कारण पाणी पसरायची जागाच आपण घरांना देऊन टाकली होती.'

हे वाक्य कागदावर आलं आणि चौदा मुद्द्यांतले नऊ आपोआप गळाले. वृक्षारोपण गेलं. जनजागृती गेली. जागतिक तापमानवाढीची एकच ओळ राहिली, तीही 'जरी'च्या पोटात. उरलेल्यांना रांग लागली. आधी पाऊस. मग धरणं: राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित, तलाव भरला की ते पाण्याच्या दाबानंच उघडतात, तिथं कुणाचा हात नसतो. आणि मग पूररेषा. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदी आणि निळी यांच्यामध्ये बांधायचंच नाही, निळी आणि लालच्या मध्ये अटी पाळून बांधायचं. हा मुद्दा माझ्या जुन्या पेपरात बाराव्या नंबरला होता, अर्ध्या ओळीत! सगळा निबंध ज्या खांबावर उभा राहायला हवा होता तो मी परड्यात टाकला होता.

आता सिलेंडर पहिल्या ओळीत का शोभतो तेही कळलं. मामा लाल-निळी रेषा बघत नाही, नकाशा कुठं मिळतो हे त्याला माहीत नाही. पण पाणी कुठवर येणार हे त्याचा कासरा सांगतो. म्हणजे ते चित्र नुसतं सजावटीला नाही, ते भूमिकेकडंच निघालेलं आहे. दोन वाक्यांत मामा, एका वाक्यात 2019 आणि 2021 चे पूर, आणि मग भूमिका. शंभरेक शब्दांत सगळं बसलं. हजार-बाराशे शब्दांच्या निबंधाला तेवढी प्रस्तावना पुरते. माझी आधीची अडीचशेची होती.

एक गोष्ट कुठल्याही झेरॉक्समध्ये नव्हती. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. मी भूमिका एकाच लांबलचक वाक्यात मांडली होती, त्यात 'असल्याने', 'असून', 'लक्षात घेता' असे चार डबे जोडलेले, आणि 'आहे' की 'नाही' हे कळायला तपासणाऱ्याला गार्डाच्या डब्यापर्यंत चालत जायला लागत होतं. बाईंनी ते तोडायला लावलं. जरी-तरी-कारण हे कच्च्या वहीसाठी, विचार बांधायला. उत्तरपत्रिकेत तेच दोन-तीन आखूड वाक्यांत. 'पाऊस आपल्या हातात नव्हता. पाण्याची जागा कुणाला द्यायची, ते होतं.'

(त्याच पेपरात मी 'मी मामाकडे गेलो' असंही लिहिलं होतं. कोल्हापुरात आम्ही पोरी आलो-गेलोच म्हणतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. बाईंनी 'गेले' केलं आणि म्हणाल्या, "बोलताना गेलोच म्हण. पण तपासणारा नागपूरचा असला तर?")

म्हणीवरचे, सुविचारावरचे विषय आले की मात्र माझी परत चंद्रावर जायची इच्छा होते. बाईंनी 'थेंबे थेंबे तळे साचे' दिलं. मी बचतीची गोष्ट लिहून नेली, डब्यात पैसे साठवणारी आजी वगैरे. आजी खरी होती, पण निबंध मेलेला होता. बाईंचा प्रश्न एकच: "कधी साचत नाही?"

रंकाळ्याला दोन चकरा मारल्या. दुसऱ्या चकरेला डोक्यात आलं की थेंब तर सगळीकडंच पडतात, तळं होतं ते बांध असेल तिथं. मग लिहिलं: 'थेंबांचं कौतुक होतं, बांध कुणी घातला हे कुणी विचारत नाही.' उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही. खेड्यातली पोरं शिकायला धडपडत होतीच, पण 1901 पासून शाहू महाराजांनी बोर्डिंगं उभी केली तेव्हा त्या धडपडीला टेकायला भिंत मिळाली. 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्यानं मागासवर्गीयांना नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या, 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ही सगळी माहिती मला आधीही होती. जयंतीच्या भाषणात असते तशी, हारासारखी. आता ती कुठल्या तरी वाक्याच्या बाजूनं साक्ष द्यायला उभी होती. म्हणीला मान डोलवत बसायचं नाही, ती कुठं तोकडी पडते ते बघायचं, भूमिका तिथंच सापडते. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा.

परीक्षेच्या वेळेचं गणित मी असं बसवलंय: एका निबंधाला दीड तास, त्यातली पहिली वीस मिनिटं उत्तराला पेन लावायचं नाही. कच्च्या पानावर जरी-तरी-कारण, खाली मुद्द्यांची रांग, आणि सगळ्यात शेवटी पहिली ओळ. शेजारचा पहिलं पान उलटत असतो तेव्हा पोटात गोळा येतो. येऊ दे. मी घाईनं आधी प्रस्तावना लिहिलेल्या दोन सराव पेपरांत चौथ्या पानावर माझं मत बदललं आणि पहिलं पान तसंच राहिलं. तपासणाऱ्यानं दोन माणसांनी मिळून लिहिलेला निबंध वाचला असणार.

दिवाळीनंतर गावी गेले. आमचं गुऱ्हाळ भोगावतीच्या काठाला, करवीर तालुक्यातच. चुलवाणात चिपाडं ढकलणं चाललं होतं, काहिलीतल्या रसात भेंडीचं पाणी पडलं होतं आणि मळी वर यायला लागली होती. काळपट, फेसाळ, बघायला भरपूर. गुळव्या झाऱ्यानं ती काढून बाजूला टाकत होता. आबांना मी पेपराची गोष्ट सांगितली, दहा ओळींवरच्या रेघेची. ते म्हणाले, "मळी हाय ती. येऊ द्यायची की, त्याशिवाय रस साफ कसा हुईल? पण ढेपंत जाऊ द्यायची न्हाई." म्हणून मी हल्ली कच्च्या वहीत विज्ञानयुग येतंय असं वाटलं तर येऊ देते. तिथंच काढते.

मग त्यांना भूमिकेची वाक्यं वाचून दाखवली. आबांचा चेहरा बदलला.

"आणि अलमट्टी कुठं हाय ह्यात?"

अलमट्टी म्हणजे कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण. मी म्हटलं, आबा, विषय बांधकामांचा आहे.

"पंचगंगा नरसोबाच्या वाडीत कृष्णेला मिळती. फुडं कृष्णेचं पाणीच सरकलं न्हाई तर हितलं कुठं जाईल? 519 मीटरवर आधीच अडीवलंय, आता आणि वर न्यायचं म्हणत्यात, आणि तू मामाच्या घराला धरून बसलीस व्हय?"

मी राधानगरीचे दरवाजे सांगितले, निळी रेषा सांगितली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता तेव्हा आजूबाजूची भरावाची जमीन बघितलीत का, असं विचारलं. ते ऐकेनात. चिपाडं ढकलणारा गडीही आबांच्या बाजूनं पडला. गुळव्यानं काकवीचा थेंब गार पाण्यात टाकला, बोटांत गोळी वळून बघितली आणि ओरडला, "मालक, अलमट्टी राहू दे, आधण उतरवा, करपंल!"

काहील उतरली. गूळ वाफ्यात ओतताना आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "लिही तू. पण अलमट्टी लिही."

मी चिपाडाच्या ढिगावर बसून कच्ची वही उघडली आणि 'जरी'पुढचं वाक्य खोडलं.