कोरडं मॅगझिन

मार्च महिना होता. सकाळी साडेसातलाच साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या बाजूनं वारा सुटलेला. डोंगराच्या पोटाशी असलेल्या रेंजवर मुरमाची तांबडी धूळ खाली बसायचं नाव घेत नव्हती. आमच्या सशस्त्र तुकडीचा वार्षिक गोळीबार सराव होता आणि मी तुकडीचा आर्मरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारा, दुरुस्त करणारा. कोतमधून, म्हणजे हत्यारांच्या कोठीतून, प्रत्येक हत्यार माझ्या सहीनं बाहेर पडलेलं.

पहिल्याच डिटेलला, म्हणजे एका वेळी गोळीबार करणाऱ्या गटाला, तिसऱ्या गोळीवर चार नंबरची एसएलआर रायफल नुसती 'खट्' वाजली. जवानानं बॅरल टारगेटकडेच ठेवून हात वर केला. गोळी उशिरा सुटायचा धोका असतो, त्यामुळे गोळी चेंबरमध्ये ढकलणारा बोल्ट लगेच ओढायचा नसतो. थोडं थांबून बोल्ट मागे घेतला तर चेंबर रिकामं. गोळी मॅगझिनमध्येच, खालच्या गोळ्यांच्या डब्यातच, बसून होती. पुढच्या डिटेलला असंच दोघांचं झालं, त्यापुढच्याला तिघांचं.

एसएलआर अडली की सगळे आधी गॅसकडे, म्हणजे बोल्ट मागे ढकलणाऱ्या बारुदाच्या वायूकडे, बघतात. गॅस कमी पडला तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि पुढची गोळी उचलली जात नाही, हे खरं आहे. इन्स्ट्रक्टरनी रेग्युलेटर फिरवून गॅस वाढवला. फरक पडला नाही. माझं लक्ष झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांकडे होतं. त्या जोरात, लांब उडत होत्या, म्हणजे गॅस भरपूर होता. मग मी चार नंबरचं मॅगझिन सात नंबरच्या नीट चालणाऱ्या रायफलला लावलं आणि सातचं चारला. आता 'खट्' सात नंबरवर वाजलं.

ताडपत्रीवर बसून ते मॅगझिन उघडलं. बॉटम प्लेट सरकवताना अंगठा वर दाबून ठेवावा लागतो, नाहीतर स्प्रिंग सरळ डोळ्यावर येते. स्प्रिंग बाहेर आली ती तेलानं निथळत, आणि तिच्या वेढ्यावेढ्यांत तांबडा लगदा. गोळ्या वर ढकलणारा प्लॅटफॉर्म दाबून सोडला तर चिखलातून पाय निघावा तसा सावकाश वर यायचा. बोल्टला तेवढा दम नसतो. गोळी वेळेत वर आली नाही की तो तिच्या डोक्यावरून पुढे निघून जातो.

आदल्या संध्याकाळी घरी निघता निघता मी कोतमधल्या दोन नव्या पोरांना म्हणालो होतो, "मॅगझिनांना चांगलं तेल लावून ठेवा रे." चांगलं म्हणजे किती, हे सांगितलं नाही. पोरं रात्री उशिरापर्यंत बसली आणि पंपाला वंगण द्यावं तसं एकेका मॅगझिनमध्ये तेल सोडत राहिली. कामचुकारपणा अजिबात नव्हता. शिकवण्यात मीच कमी पडलो होतो.

साहेबांनी विचारलं, "हे काम कुणाचं?" त्यातला धाकटा पुढे यायला लागला. मी म्हणालो, "साहेब, हुकूम माझा होता. तासभर द्या."

मी अपशिंगे मिलिटरी या गावचा. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 गावकऱ्यांच्या स्मृतीचा दगड बघतच आम्ही लहानाचे मोठे झालो. रेंजवर 'खट्' वाजलं तर हात वर करता येतो. बंदोबस्तात, समोर हत्यारबंद माणूस असताना, तेवढी सवड कोण देणार? तो तासभर माझ्या डोक्यातून हे गेलं नाही.

दोन्ही पोरांना शेजारी घेऊन बसलो. मॅगझिनची बॉडी आतून चिंदीनं कोरडी करायची, कोपरे काडीनं काढायचे. प्लॅटफॉर्म कोरडाच ठेवायचा. स्प्रिंगसाठी चिंदीवर दोन थेंब तेल घ्यायचं, ती चिंदी स्प्रिंगवरून ओढायची आणि मग कोरड्या चिंदीनं पुन्हा पुसायचं. स्प्रिंग चकाकली पाहिजे, पण बोटाला ओल लागता कामा नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या लोखंडाला गंज धरतो, म्हणून एवढा तेलाचा हात हवाच. त्याहून जास्त लावलेलं तेल धूळ धरतं. शिवाय ते झिरपत प्रायमरपर्यंत, म्हणजे गोळीच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीपर्यंत, गेलं तर गोळीच मरते. त्या मॅगझिनांतून काढलेल्या गोळ्या मी सरावाला वापरू दिल्या नाहीत, वेगळ्या बांधून ठेवल्या. स्प्रिंग परत बसवताना उलटी जाऊ नये म्हणून काढतानाच तिची दिशा बघून ठेवायला लावलं.

एका मॅगझिनची लिप, म्हणजे गोळी धरून ठेवणारी वरची कड, वाकलेली सापडली. तिचा तेलाशी काही संबंध नव्हता. कधीतरी दगडावर आपटली असणार. त्याच्यावर रंगानं फुली मारून ते बाजूला ठेवलं. मॅगझिनांना नंबर टाकायचं मी कितीतरी दिवस पुढे ढकलत होतो, ते तिथंच बसून पुरं केलं.

साडेदहाला सराव पुन्हा सुरू झाला. पुढच्या डिटेलांना एकही हात वर गेला नाही. मी मात्र प्रत्येक फैरीला कान टवकारून उभा होतो.

मागे वळून बघितलं तर धाकटा अजून ताडपत्रीवरच बसलेला. पुसून झालेलं मॅगझिन कानाशी धरून प्लॅटफॉर्म दाबत होता, सोडत होता. टक्. टक्.

"उस्ताद," तो म्हणाला, "ह्याचा आवाज जरा दबका येतोय. परत उघडू?"

"उघड," मी म्हणालो आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.