आज हुतात्मा चौकात एकटाच

आज १७ जानेवारी. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या १९५६ च्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला सकाळी बेळगावच्या हुतात्मा चौकात गेलो, पहिल्यांदाच एकटा. दरवर्षी स्कूटरवर मागे सर असायचे, मांडीवर झेंडूच्या फुलांची पिशवी.

२२ वर्षं एकाच मराठी शाळेत शिकवलं आम्ही. जूनमध्ये पट घसरला की सर थेट येळ्ळूरच्या शिवारात, बांधावर बसून पालकांशी बोलत. "पोराला मराठी शाळेत घाला, कन्नड मी शिकवतो," म्हणायचे. आणि खरंच शिकवायचे, शाळा सुटल्यावर, दिवेलागणीपर्यंत. त्यांचं कन्नड आम्हा सगळ्यांपेक्षा गोड होतं.

येताना सवयीनं मिठाईच्या दुकानातून कुंदा घेतला. अर्धा नेहमी त्यांच्या घरी जायचा. वहिनींच्या हातात पुडा दिला, त्या काही बोलल्या नाहीत. खुंटीवर सरांची छत्री अजून तशीच आहे.