कुकरमधला चिकन-भात: पाण्याचं गणित जुळायला लागलं

एकाच कुकरात चिकन आणि भात, तेही कामावरून घरी आल्यावर तासाभराच्या आत, हा माझा ध्यास आता बराच मार्गी लागलाय. चवीचा प्रश्न नव्हताच, सगळी खटपट होती भाताच्या शितांसाठी. म्हणून आजची नोंद त्याबद्दलच.

मेख पाण्यात आहे. उघड्या पातेल्यात भात करताना बरंचसं पाणी वाफ होऊन उडून जातं, कुकरमध्ये ते आतच राहतं. त्यात चिकनला, कांद्याला, टोमॅटोला अंगचं पाणी सुटतं. चिकन दह्यात मुरवलं असेल तर आणखीच. हे पाणी किती सुटेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा मी ते सरळ मोजते. फोडणीत हाडासकट अर्धा किलो ब्रॉयलर परतायचं, रस सुटला की तो डावाने मापाच्या भांड्यात काढून घ्यायचा आणि त्यात गरम पाणी घालून एकूण माप पुरं करायचं. वीस मिनिटं भिजवून निथळलेल्या दोन वाट्या बासमतीला रस धरून अडीच वाट्या. न भिजवलेल्या कोलमला साडेतीन. ही युक्ती हाती आल्यापासून भात रोज एकसारखा होतोय, याचा मला खरोखर आनंद आहे.

शिट्ट्या मोजणं मात्र सोडून दिलंय. कुकरचं वजन उचललं जातं तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १५ पौंड प्रति चौरस इंच जास्त असतो आणि तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यानंतर गॅस कितीही मोठा ठेवला तरी हे तापमान फारसं वाढत नाही. शिट्ट्या भराभर होतात आणि मोजून घातलेलं पाणी बाहेर जातं. म्हणून पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग गॅस अगदी बारीक करून घड्याळ लावून पाच मिनिटं आणि बंद. तीन लिटरच्या आणि पाच लिटरच्या कुकरच्या शिट्ट्यांचा मेळ बसत नाही, मिनिटांचा बसतो.

गॅस बंद केल्यावर घाई नको. दहा मिनिटांत वाफ आपोआप जिरते. चिमट्याने वजन उचलून वाफ काढली तर आतलं पाणी एकदम खदखदतं, लांब दाणा तुटतो आणि पिठाळ फेस झाकणापर्यंत येतो. तेवढ्या वेळात काकडीची कोशिंबीर होते.

बुडाला लागू नये म्हणून दोन गोष्टी. मसाला परतून झाला की थोडं गरम पाणी घालून बूड उलथन्याने नीट खरवडायचं, चिकटलेला मसाला सगळा सुटला पाहिजे. मग चिकन खाली, तांदूळ वर पसरून पाण्याखाली दाबायचे आणि ढवळायचं नाही. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही.

तांदळाबद्दल माझं मत सांगते. रोजच्या जेवणाला कोलमच बरा, मसाला छान धरतो. इंद्रायणी १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला, आंबेमोहोराच्या संकरातून, त्यामुळे वास सुंदर पण शितं चिकट. त्याचा मोकळा पुलाव करायचा हट्ट धरू नये. थोडं पाणी जास्त घालून आसट, मऊ भात करावा, हिरवं वाटण आणि वरून तूप. पावसाळ्यात मला तोच जास्त आवडतो.

सध्या गावरान कोंबडीवर काम चालू आहे. ब्रॉयलर आणि तांदूळ एका वेळेत शिजतात, गावरान काही शिजत नाही. ती आधी आलं-लसूण, हळद, मीठ लावून बेताच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं दाबाखाली शिजवते. जे अळणी पाणी उरतं त्यातून मुलांना वाटीभर देऊन बाकीचं मापून तांदळाला. कुकर तोच, फेऱ्या दोन, म्हणून हे काम रविवारचं. अळणीवर पिवळी चरबी तरंगते ती चमच्याने काढून घ्यायची आणि दुसऱ्या फेरीची फोडणी तिच्यातच करायची, तेल लागत नाही. कांदा-लसूण मसाला या चरबीत मंद आचेवर परतला की रंग फार छान सुटतो. पुढच्या वेळी हेच आंबेमोहोर घालून करणार आहे, आणि पाण्याचं माप जमलं की इथे देते.