चौथी सूचना

एंडोस्कोपीच्या आदल्या दिवशी सेंटरमधून फोन आला. आठ तास उपाशी या, सोबत एक माणूस आणा, जुने रिपोर्ट आणा. तिन्ही पाळलं. सात महिने वरच्या पोटात जळजळ होती, एकदाचं काय ते कळावं एवढंच वाटत होतं. घशात कडू स्प्रे मारला, नळी गेली, आली. अल्सर नाही, काही नाही.

जठरातला कणभर तुकडा काढून एका पिवळ्या ठिपक्यावर ठेवला होता. जठरात अल्सर करणारे एच. पायलोरी जंतू असले तर तो गुलाबी होतो. पिवळाच राहिला. रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’. मी खूश.

डॉक्टरांनी विचारलं, "पँटोप्राझोल कधी बंद केलं?"

"बंद? आज सकाळीसुद्धा घेतलं की."

त्यांनी ‘निगेटिव्ह’पुढे पेनानं प्रश्नचिन्ह काढलं. आम्ल कमी करणाऱ्या या गोळीनं जंतू दबून राहतात, असले तरी सापडत नाहीत. तपासणीआधी दोन आठवडे ती बंद हवी, अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे. फोनवरच्या मॅडमना हे एक वाक्य जड झालं होतं का?

म्हणजे आता चौदा दिवस गोळीविना, मग शौचाची तपासणी. तेही मे महिन्यात, नागपुरात, घरात मावसबहिणीचं लग्न. गोळी सुटल्यावर आम्ल उलटून जोरात येतं, हे तेव्हा कळलं. पंगतीत सगळे सावजी रस्सा ओरपत होते, मी दहीभात चिवडत होते. पातळ अँटासिड चालतं म्हणाले, तेवढाच आधार. रात्री दोनला उठून बसायचं आणि कूलरचा आवाज ऐकत त्या तीन सूचना आठवायच्या.

पंधराव्या दिवशी डबी देऊन आले. पुन्हा निगेटिव्ह! रडू की हसू कळेना. पण या वेळी प्रश्नचिन्ह नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फंक्शनल डिस्पेप्सिया. पोटात जखम नाही, पण तिथल्या नसा नको तितक्या हळव्या झाल्यात. रात्री अमिट्रिप्टिलिन, १० मिलीग्रॅम. आईनं मोबाइलवर नाव शोधलं आणि बिथरली, "डोक्याची गोळी पोटाले कायले?" नैराश्यासाठी देतात त्याच्या कितीतरी कमी डोस आहे, हे तिला तीनदा सांगितलं. पहिला आठवडा तोंड कोरडं, सकाळी डोळे उघडेनात. फरक पडायला महिना गेला.

हो, एक राहिलंच. वजन उतरत असेल, शौच काळी होत असेल, गिळताना अडकत असेल तर माझ्यासारखे सात महिने काढू नका. आणि पँटोप्राझोल जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. मी ते चहानंतर गिळत होते.

सेंटरला फोन करून सगळं सांगितलं. "लिहून घेते," म्हणाल्या. परवा शेजारच्या काकांना तिथूनच फोन आला: उपाशी या, माणूस आणा, रिपोर्ट आणा. मी जिन्यातच थांबवलं, "काका, गोळीचं डॉक्टरांना आजच विचारा."