फॉर्मवर एकच आई
आज मैत्रिणीच्या लेकीच्या शाळाप्रवेशाला सोबत गेले होते. या पोरीला दोन आया आहेत. खिडकीतल्या बाईंनी दुसऱ्या आईकडे बोट दाखवून विचारलं, "या कोण? मावशी का?" पोर म्हणाली, "ती माझी मम्मा आहे." मागून कुणीतरी च्च केलं, "पोरीचं कसं व्हायचं!" तिच्यासमोर!

इतका संताप आला. ताप आला की रात्रभर कपाळावर घड्या ठेवत बसते ती हीच 'मावशी'. कागदावर मात्र ती कुणीच नाही, कारण पोर दत्तक घेतलीय ती एकट्या मैत्रिणीच्या नावावर. 'कारा'च्या, म्हणजे दत्तक प्रक्रिया बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, २०२२च्या नियमांत जोडप्याला दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं, आणि यांच्या लग्नालाच मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयात हा नियम ३ विरुद्ध २ असा टिकला. फक्त विवाहित स्त्री-पुरुषच मुलाला स्थैर्य देतात हे सिद्ध करणारं काही समोर नाही, असं तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी लिहिलं होतं, पण ते अल्पमतात.

उद्या मैत्रिणीचं काही बरंवाईट झालं तर लेक मम्माकडे राहील का, ही धास्ती दोघींना कायम असते. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. फॉर्मवर नुसतं 'पालक' छापायला काय हरकत आहे? तसा अर्ज लिहून मुख्याध्यापिकांकडे देऊन आले.