कॅमेरा असताना चित्र कशाला?

डिचोलीच्या बाजारात, कुणाच्या लग्नात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, कुठेही माझ्या कामाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: "एवढे चांगले मोबाइल आलेत ताई, फोटो काढून मोकळं व्हायचं. हाताने चित्रं काढत कशाला बसता?" परत परत विचारलं जातं, म्हणून या वेळी नीट लिहायचं ठरवलं.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात वनस्पतींची रेखाचित्रं काढते. नवी जात सापडली की तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध होतं, त्याच्यासोबत छापतात ती. जात नवी ठरायची तर नाव द्यावं लागतं, लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन लिहावं लागतं (२०१२ पर्यंत लॅटिनच लागायचं) आणि एक वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, कायमचा ठेवावा लागतो. फुलझाडाच्या बाबतीत चित्राची सक्ती नाही. तरीही संशोधक माझ्याकडे येतात. का येतात, ते एका फुलावरून सांगते.

दोन वर्षांपूर्वी मेघालयातल्या चुनखडीच्या डोंगरावरची एक छोटी वनस्पती माझ्या टेबलावर आली. आम्हा गोंयकारांना चुना म्हणजे शिंपल्या भाजून केलेला, आणि खडक म्हणजे सड्यावरचा तांबडा जांभा. चुनखडीचं जगच वेगळं. पावसाच्या पाण्यात तो दगड हळूहळू विरघळतो, त्याला भेगा पडतात, गुहा होतात. माती नावालाच, पाणी ठरत नाही, जमिनीत कॅल्शियम भरमसाट. तिथे टिकणारी झाडं शेजारच्या साध्या मातीत सहसा पसरत नाहीत, त्यामुळे एकेक डोंगर समुद्रातल्या बेटासारखा एकटा पडतो. जगात कितीतरी जाती अशा आहेत ज्या एकाच डोंगरावर उगवतात, दुसरीकडे कुठेच नाही. ही त्यांतलीच असावी, असं तिला आणणाऱ्या संशोधकाला वाटत होतं.

मुख्य नमुना हावड्याच्या सेंट्रल नॅशनल हर्बेरियमकडे जाणार होता, त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. माझ्याकडे त्याच झुडुपांची, वाळवून कागदावर चिकटवलेली जादा शीट होती, स्पिरिटच्या बाटलीत सात फुलं होती आणि पन्नासेक फोटो. फोटो अप्रतिम होते, हे मला मनापासून सांगायचंय. जांभळी नळी, तिच्या घशात पिवळा पट्टा, पाकळीवर दवाचा थेंब. रंग मला त्यांनीच सांगितला, कारण वाळलेलं फूल चहाच्या चोथ्यासारखं दिसतं.

पण चित्र फोटोवरून निघत नाही. वाळलेलं फूल गरम पाण्यात साबणाचा थेंब टाकून भिजवायचं, मऊ झालं की सुईच्या टोकाने उलगडायचं. नळी एका बाजूने उभी चिरून पुस्तकासारखी उघडायची आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायची. मायक्रोस्कोपला आरशाची नळी जोडलेली असते, तिच्यातून फूल आणि आपल्या पेन्सिलचं टोक एकदमच दिसतं. मग एकेक केस काढायचा. केसाच्या टोकाला ग्रंथी आहे की नाही, हे प्रत्येक केसाला विचारायचं. अंदाजाने चार जास्त काढले तर ती लबाडी झाली.

वर्णनाच्या मसुद्यात लिहिलं होतं, "वांझ पुंकेसर दोन". ही वनस्पती ज्या कुळातली, त्यातल्या पुष्कळ फुलांत परागकण देणारे पुंकेसर दोनच असतात, बाकीचे खुरटून नुसती खूण उरलेली असते. दोन खुणा मी काढल्या. मधली जागा मोकळी होती. मोकळी जागासुद्धा काढावी लागते, तिथे ठिपके किती दाट द्यायचे हे ठरवावं लागतं, म्हणून मी भिंग वाढवलं. केसांच्या आड एक टेंगूळ होतं, मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान. तिसरा वांझ पुंकेसर! रात्री साडेदहाला मी संशोधकाला फोन केला. दुसऱ्या दिवशी स्पिरिटमधली फुलं एकेक करून उघडली. सातही फुलांत तो होता. फोटोंत ती जागा सावलीत गेली होती. वांझ पुंकेसर दोन की तीन, यावर जवळच्या जाती वेगळ्या ओळखतात. मसुदा दुरुस्त झाला.

फोटो एका फुलाचा, एका क्षणाचा. त्यात किड्याने खाल्लेली कड येते, वाऱ्याने वळलेलं पान येतं. मी सात फुलं पाहून एक फूल काढते, आणि जे सातांत सारखं आहे तेच ठेवते.

चित्र किती काळ साथ देतं, त्याचा दाखला आपल्या बाजूलाच आहे. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेल्या 'हॉर्टस मलाबारिकस'च्या बारा खंडांत मलबारच्या वनस्पतींची शेकडो चित्रं आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य त्या कामात होते, आणि चित्रांवर वनस्पतींची कोंकणी नावं नागरीत कोरलेली आहेत. पुढे वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने त्यांतल्या कितीतरी वनस्पतींना नावं दिली ती ही चित्रं पाहून, झाड हातात न घेता. आजही त्यांतल्या काही नावांचा आधार म्हणून वाळलेला नमुना नाही, ते चित्रच धरलं जातं. हे कळलं तेव्हा मला माझे वडील आठवले. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळांची चौकट, बांधताना एकेक रानफळ उलटंपालटं करून, देठ आणि बिया पाहून मगच ते नाव सांगायचे. लांबून पाहून कधीच नाही.

त्या मेघालयातल्या वनस्पतीच्या चित्राच्या पानावर खाली उजवीकडे मी एक जागा कोरी ठेवली. फळाची. फुलांच्या दिवसांत गेलेल्यांना फळ मिळालं नाही. "जवळच्या जातीचं पाहून अंदाजाने काढता येईल का?" असं मला विचारलं गेलं. मी नाही म्हटलं. वर्णनात छापलं, "फळ पाहिलेलं नाही".

त्या डोंगराच्या शेजारच्या डोंगरातून दगड निघतोय. सिमेंटला चुनखडी लागते. संशोधक येत्या हिवाळ्यात परत चढणार आहे, फळं धरली असतील तर आणेल. मूळ कागद मी ट्रेसिंग पेपरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलाय. कोरी जागा चार सेंटिमीटरची आहे.